कापलेला कोपरा

मूल या गावी धानाच्या गिरणीमागं माझी फोटोची खोली होती. लग्नाचे, मुंजीचे, शाळेच्या मास्तरांच्या निरोपाचे फोटो मी काढत असे, पण त्यासाठी मला कुणी ओळखत नव्हतं. लोक मला "बैलाईचा फोटोवाला" म्हणत. बाजारात बायका एकमेकींना कोपरानं ढोसून मला दाखवत. एका बाईनं तर भर बाजारात ऐकवलं होतं, की तिच्या घरी भिंतीवर बैलजोडीचा फोटो आहे, कासऱ्याचा आहे, गोठ्याचा आहे, आणि तिचा स्वतःचा एकही नाही. मी तिला म्हणालो, तुम्ही पटात पळा, तुमचाही काढतो. तिनं माझ्या सात पिढ्या उद्धारल्या. वाईट वाटलं नाही. माझी जीभ तशी पहिल्यापासून तिखट, आणि ज्याची जीभ तिखट त्यानं ऐकूनही घ्यावं लागतं.

धानाची कापणी झाली, चुरणं म्हणजे मळणी झाली, की पौष-माघात आमच्याकडे गावोगावी शंकरपट भरत. लेकी माहेरी येत, पाहुण्यांनी घरं भरत, रात्री नाटक असे. दिवसा बैलजोड्यांच्या शर्यती. शेजारी शेजारी दोन जोड्या सुटायच्या, जोडीमागं अगदी हलका छकडा आणि छकड्यावर एकच माणूस, धुरकरी. बसायचा कसला, अर्धा हवेतच असायचा. सुटल्यापासून पोचेपर्यंत सगळा खेळ दहा-बारा आकडे मोजण्याइतका. तेवढ्यात ती जोडी पकडायची हा माझा धंदा आणि हेच माझं वेड.

आजच्या मुलांना हे सांगून कळत नाही. माझा कॅमेरा घडीचा होता, नागपूरला ज्यांच्याकडे मी काम शिकलो त्यांनी वापरून टाकलेला. एका रिळात आठ फोटो. म्हणजे दिवसभर धुळीत पालथं पडून आठ वेळा बटण दाबायचं, आणि खरं-खोटं काय ते घरी येऊन रीळ धुतल्यावर कळायचं. पहिल्या दोन मोसमांत मी काय काढलं असेल तर धूळ. एका फोटोत नुसती शेपटी आली होती. जोडीच्या मालकानं तोही घेतला, आणि शेपटी आपल्याच बैलाची आहे हे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला पटवून देत असे. त्यात गिरणीचा कोंडा. ओली निगेटिव्ह वाळत घातली, की कोंड्याचा एखादा कण नेमका बैलाच्या डोळ्यावर येऊन बसायचा. गिरणीवाल्याशी माझं त्यावरून रोज वाजे. गिरणी माझ्या आधीची होती हे मला मान्य नव्हतं.

मग मला युक्ती सापडली. पळत्या जोडीवर कॅमेऱ्याचं अंतर जुळवत बसायला वेळ नसतो. म्हणून मी अंतर आधीच ठरवून टाकू लागलो. माझ्यापासून पाच पावलांवर, धावपट्टीच्या अगदी कडेला बांबूची एक बारीक कमटी रोवायची, कॅमेरा त्या कमटीवर जुळवून ठेवायचा आणि पालथं पडायचं. शिंगं कमटीच्या रेषेत आली की दाबायचं. एवढंच. या युक्तीनं पहिला फोटो साधला तेव्हा मी अंधाऱ्या खोलीत एकटाच हसत बसलो होतो. जोडीचे चार पाय जमिनीवर, चार वर, खुरांखालून उडालेलं ढेकूळसुद्धा जागच्या जागी थांबलेलं. डोळ्यांनी जे कधीच दिसत नाही ते माझ्या हातात होतं. त्या आनंदाची बरोबरी नंतर कशानंच झाली नाही, हे कबूल करतो. पुढं जे केलं ते त्याच आनंदापायी केलं.

सावली गावाकडच्या एका खेड्याचे मालगुजार, म्हणजे गावाचे जमीनदार, पटाचे मोठे शौकीन होते. मालगुजारी नुकतीच कायद्यानं गेली होती, पण लोक त्यांना मालकच म्हणत आणि तेही तसेच वागत. त्यांच्या पांढऱ्या जोडीवर धुरकरी होता तो तलावावर मासे धरणाऱ्या घरातला. बापजाद्यांनी जाळी विणली, आणि याला लहानपणापासून बैलांचा नाद. चाळिशीचा, काटक, बोलणं कमी. तो बैलांना कधी मारत नसे. कासरा हातात घेतला की तोंडानं हलकी चकचक करायचा, बस. मालकाच्या शेतकरी भाऊबंदांना ते खुपत असे. आपल्यातली इतकी पोरं असताना जोडी याच्या हातात का, असं ते मालकाच्या कानावर घालत. पण जोडी जिंकत होती तोवर मालक कुणाचं ऐकत नव्हते. त्या माणसाच्या घरी त्याआधी कुणी कासरा धरला नव्हता, आणि आता लहान लहान पोरं त्याच्या मागं मागं फिरत. पट सोडला तर त्याचं दुसरं काही नव्हतं. हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

त्या वर्षी त्या गावच्या पटाला मी गेलो तो एकच फोटो मनात धरून. आठही पाय जमिनीवरून सुटलेले, असा. तसा क्षण असतो असं धुरकरी मंडळी सांगत, पण कुणी पाहिलेला नव्हता. मी गर्दीपासून लांब, धावपट्टीच्या मधल्या भागात जागा धरली. तिथं मागं नुसतं आभाळ येत होतं. लोक सगळे सुटायच्या आणि पोचायच्या टोकाला. कमटी रोवली. पण दुपारपर्यंत इतक्या जोड्या पळाल्या, की धूळ खाली बसेचना आणि त्या धुळीत मला माझीच कमटी दिसेना. दोन फोटो वाया गेले. पांढरी जोडी आता सुटणार असं ओरडून सांगू लागले, आणि मी घाईघाईनं उठून खिशातला पांढरा रुमाल त्या कमटीला बांधला.

बैलासमोर फडकणारं काही असू नये, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. पटाच्या दिवशी बायका धावपट्टीजवळ पदर सावरून उभ्या राहतात. मला हे कळत नव्हतं असं नाही. वारा पडलेला होता, रुमाल मेल्यासारखा लोंबत होता, आणि एकाच फोटोचा तर प्रश्न आहे असं मी स्वतःला सांगितलं.

जोडी आली, शेजारची मागं टाकून. ती कमटीपासून चार हातांवर असताना वारा सुटला की छकड्याच्या झोतानं झालं, मला अजून सांगता येत नाही, पण रुमाल उभा फडकला. माझ्या बाजूचा बैल दचकून उसळला, त्याच्याबरोबर दुसराही ओढला गेला, आणि मी बटण दाबलं. पुढच्या क्षणी छकडा उलटला होता. धुरकरी लांब फेकला गेला. उसळलेला बैल खाली पडून उठायला बघत होता आणि त्याला उठता येत नव्हतं.

दोन्ही टोकांकडून लोक धावत आले. ते पोचायच्या आधी मी काय केलं ते लिहितो, कारण ते लिहिण्यासाठीच इतकं सगळं लिहिलं. मी आधी कॅमेऱ्यातलं रीळ पुढं सरकवलं. मग कमटी उपटली, रुमाल सोडून खिशात घातला. त्यानंतर त्या माणसाकडे पाहिलं. तो रांगत बैलाकडे जात होता.

बैलाच्या पुढच्या पायाचा सांधा निखळला होता. वैदू बोलावला, चुना-हळद झाली, पण तो बैल पुन्हा नीट उभा राहिला नाही आणि उन्हाळ्यात गेला. जिंकत आलेली जोडी मोकळ्या धावपट्टीवर भरकटते कशी, असा पंचांपुढं प्रश्न निघाला. धुरकरी म्हणाला, कडेला काहीतरी पांढरं हाललं. पंचांनी जागेवर जाऊन पाहिलं. तिथं काय असणार? भाऊबंद तयारच होते. कुणी म्हणालं मोहाची पिऊन बसला होता, कुणी म्हणालं समोरच्या जोडीवाल्याला फितूर झाला. मालकाच्या चुलतभावानं सगळ्यांदेखत म्हटलं, "मासे धरनाऱ्याच्या हाती कासरा देल्ला तं दुसरं काय होईन." मी दहा हातांवर उभा होतो. कॅमेऱ्याची घडी घालत होतो. बोललो असतो तर कॅमेरा तिथंच फुटला असता, कदाचित माझं डोकंही, आणि पंचक्रोशीतल्या एकाही पटात मला कुणी पाय ठेवू दिला नसता. भीती वाटली म्हणून बोललो नाही, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत आलो. ते खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही. मला ते रीळ घरी न्यायचं होतं.

रीळ धुतलं. आठही पाय जमिनीवरून सुटलेले होते. धुरकरी छकड्यावर पुढं वाकलेला, कासरा ढिला, चेहरा शांत. त्याला अजून काही कळलेलं नव्हतं. इतका चांगला फोटो मी पुन्हा कधी काढला नाही. आणि तो चांगला आला होता बैल घाबरून उसळला म्हणून. खालच्या डाव्या कोपऱ्यात कमटी होती आणि तिच्यावर आडवा फडकलेला रुमाल.

पंधरा दिवसांनी, बाजाराच्या दिवशी, धुरकरी माझ्या दारात उभा राहिला. सावलीकडून चालत आला होता. खांदा अजून बांधलेला. पळसाच्या पानात गुंडाळून त्यानं तलावातले मासे आणले होते, ते त्यानं आधी माझ्या उंबऱ्यावर ठेवले. मालकांनी त्याला गोठ्यातून काढलं होतं. पण येत्या पटाआधी पंच पुन्हा बसणार होते, आणि फोटोत काही निघालं तर ऐकून घेऊ असं मालक म्हणाले होते. त्या आशेवर तो आला होता. माझ्या फोटोवर त्याचा कासरा अवलंबून होता, हे त्यानं मला नीट समजावून सांगितलं. मला समजलं नसेल असं त्याला वाटलं असावं.

मी म्हणालो, छापायचा आहे अजून, थांबा. आत गेलो, दार लावलं. लाकडी चौकटीत निगेटिव्ह बसवली. मग काळ्या कागदाची एक पट्टी कापली आणि खालच्या डाव्या कोपऱ्यासकट ती पूर्ण कड झाकली. कडा तिरकी दिसू नये म्हणून मी ती पट्टी दोनदा काढून सरळ बसवली. कागद उजेडाला धरला, धुतला, वाळवला, आणि झाकलेली पांढरी कड कात्रीनं कापून टाकली. फोटो मूळचा तेवढाच होता असं वाटावं इतकी सफाई होती.

तो उजेडात जाऊन फोटो पाहत राहिला. बोटानं कडेकडेनं माग काढत गेला. कितीतरी वेळ.

"इथी तं काईच नाई," तो म्हणाला.

मी कात्री जागेवर ठेवली.

"फोटो खोटं नाई बोलत ना, भाऊ?"

"नाही," मी म्हणालो.

"मंग माहेच डोये चुकले."

त्यानं फोटो धोतराच्या कनवटीला लावला, मला रामराम केला आणि गेला. त्याला वाद घालायला पाहिजे होता. फोटोवाल्या, नीट बघ, असं म्हणायला पाहिजे होतं. त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला याचा मला त्या वेळी राग आला, आणि रागाच्या भरात मी ते मासे शिजवायला दिले. खाल्लेही.

पंचांना त्यानं स्वतःच जाऊन सांगितलं, की फोटोत काही नाही, म्हणजे मला भास झाला, चूक माझी. आपण होऊन चूक कबूल केली म्हणून लोकांनी त्याला चांगलं म्हटलं, आणि कासरा भाऊबंदातल्या एका पोराच्या हातात दिला. मालकांनी माझ्याकडून तो कापलेला फोटोच नागपूरहून मोठा करवून घेतला, चौकट करून बैठकीत लावला. तो पाहून दुरून दुरून मला पटाची बोलावणी येऊ लागली. गोंडपिपरीपासून आरमोरीपर्यंत मी फिरलो. नाव झालं, आणि ते त्या फोटोनं झालं.

चार वर्षं गेली. एका पावसाळ्यात जुन्या निगेटिव्हच्या डब्याला बुरशी लागली. एकेक काढून पुसत होतो. पुष्कळ खराब झाल्या होत्या. डब्यात खाली ती होती, आणि तिच्यापर्यंत पोचेस्तोवर मी मनात म्हणत होतो की ती गेलेली असू दे. ती स्वच्छ होती. निगेटिव्हमध्ये पांढरं काळं दिसतं, तेव्हा कोपऱ्यात काळा रुमाल. मी ती पुन्हा डब्यात ठेवू शकलो असतो. पण त्या दिवशी माझं मन मला खायला उठलं, आणि मी कोपरा न झाकता एक फोटो छापला.

पाऊस उघडल्यावर सायकलनं त्याच्या गावी गेलो. तो तलावाच्या पाळीवर जाळं दुरुस्त करत बसला होता. मी फोटो त्याच्या हातात दिला आणि सगळं सांगितलं. रुमाल, कमटी, काळी पट्टी, सगळं. माफी मागितली. तो मारेल अशी तयारी ठेवून गेलो होतो, खरं म्हणजे त्यानं मारावं अशीच इच्छा होती.

त्यानं कोपऱ्यावर बोट ठेवलं आणि ते तिथंच ठेवून बसला.

"चार वर्सं मी माह्या डोयाले शिव्या देल्या," तो म्हणाला. "घरचे म्हनत, साधी बैलबंडी तरी हाक. मी नाई हाकली. म्हनलो, मले भास होते."

मग त्यानं फोटो परत माझ्याकडे दिला. "मले नोको हा. मालकाले दाखवा. तुमी सांगतलं तं आयकतीन."

मी तडक मालकांच्या घरी गेलो. मधे कुठं थांबलो नाही. मालक थकले होते. मला पाहून त्यांना एवढा आनंद झाला की त्यांनी आतून चहा-पोहे सांगितले, मला आपल्याजवळ बसवलं. वर भिंतीवर तो फोटो होता. मालक त्याच्याकडे बोट करून म्हणाले, रोज सकाळी उठल्यावर मी आधी यालाच पाहतो. मग म्हणाले, "तुमच्यामुये माहा बैल अजून घरी हाये." आणि डोळे पुसले. माझी पिशवी माझ्या मांडीवर होती, फोटो त्यात होता. मी चहा घेतला. पोहे घेतले. धानाची चौकशी केली. मनात म्हणत होतो, हा घोट झाला की सांगतो. मग मालकांनी विचारलं, येत्या पटाला याल ना, आणि मी हो म्हणालो, आणि उठलो.

परतीची वाट तलावावरूनच होती. दुसरी वाट असती तर मी तीच धरली असती. तो जाळं बाजूला ठेवून रस्त्यावर येऊन उभा होता.

"सांगतलं?"

"हो," मी म्हणालो.

"काय म्हनले मालक?"

"बघतो म्हणाले."

त्यानं मान हलवली. इतक्या वर्षांत मी त्याला पहिल्यांदाच हसताना पाहिलं.

माघात त्या गावचा पट भरला. मी जायला नको होतं, पण हो म्हटलं होतं आणि न जाण्याचं कारण देता येईना. सकाळी गेलो तर जोड्या जिथून सुटतात तिथं तो उभा. धुतलेलं धोतर, डोक्याला नवा पटका, हातात काही नाही. आजूबाजूचे त्याच्याकडे पाहून काहीतरी बोलत होते. मालकांची नवी जोडी आली, तेव्हा तो दोन पावलं पुढं झाला. मालकांनी त्याला पाहिलं, ओळख दिली आणि पुढं गेले. कासरा त्या पोरानं धरला. तो दोन पावलं मागं आला आणि तिथंच उभा राहिला. दुसरी फेरी झाली, तिसरी झाली. तो जागचा हलला नाही. जेवायला लोक पांगले तेव्हाही तो तिथं होता. मी त्या दिवशी आठही फोटो काढले. कशाचे काढले ते सांगता येणार नाही.

ऊन उतरल्यावर तो माझ्याकडे आला. मी कॅमेरा पिशवीत घालत होतो. पटका त्यानं काढून काखेत घेतला होता.

"भाऊ, मालकाले नीट सांगतलं होतं ना?"

पिशवीचा पट्टा बांधत बांधत मी म्हणालो, नीट सांगितलं होतं.

"मंग त्याइच्याच मनात नसन," तो म्हणाला. "तुमी कायले वाईट वाटून घेता. तुमी तं तुमचं काम केलं."